पोटावरून गेलेलं पेन

ते पेन काउंटरला बांधलेलं होतं. ड्रेसिंगची पट्टी पिळून केलेली दोरी, मूळची पांढरी, शाईने आणि हातांनी निळसर-काळी झालेली. मला चौतिसावा आठवडा लागला होता आणि आम्ही डिलिव्हरीसाठी नाव नोंदवायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने पाच पानांचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला, मी वाचायला लागले, पहिल्याच पानावर बारीक अक्षरात 'डॉक्टरांना आवश्यक वाटतील त्या सर्व उपचारांस आमची संमती आहे' अशा अर्थाचं काहीतरी होतं, आणि मी अजून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर असतानाच तिने तो फॉर्म उचलून माझ्या नवऱ्यापुढे सरकवला. "सर, इथे, इथे आणि मागच्या पानावर." पेन त्याच्या हातात द्यायला तिने दोरी ताणली, आणि मधे मी उभी होते म्हणून ती दोरी माझ्या पोटावरून गेली. ड्रेसवरून घासत गेलेली ती दोरी मला अजून आठवते. मी विचारलं, "सही मी करायची नाही का?" तर ती अगदी आपुलकीने हसून म्हणाली, "नाही मॅडम, नातेवाईकाची लागते. तुम्ही बसा ना, उभ्या कशाला राहिलात."

ती वाईट वागली नव्हती. म्हणूनच ते जास्त टोचत राहिलं.

रिक्षात नवरा म्हणाला, अगं फॉर्मॅलिटी असते ती, सगळीकडे असंच असतं. असेलही. पण त्या रात्री मला झोप येईना. डाव्या कुशीवर वळायचं, पायात उशी घ्यायची, पुन्हा उठून पाणी प्यायचं, आणि डोक्यात ती दोरी. मी बँकेत कर्जविभागात काम करते. दिवसभर लोकांच्या सह्या घेणं हेच माझं काम. कर्ज ज्याचं सही त्याची, जामीनदाराची वेगळी, अंगठा देणारा माणूस असेल तर सगळं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, वर साक्षीदार. गुलटेकडीला गाळा असलेल्या आडत्याची म्हातारी आई एकदा सहकर्जदार म्हणून आली होती, तिला मी अर्धा तास समजावून सांगितलं होतं की आजी तुम्ही कशावर अंगठा देताय. आणि इथे ज्या अंगाला सुई लागणार, ब्लेड लागणार, त्या अंगाची सही नको. दुसऱ्या दिवशी वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, अगं हा प्रश्न कोर्टात कधीच सुटलाय. समीरा कोहली प्रकरण, २००८, सुप्रीम कोर्ट. बाईला तपासणीसाठी भूल दिलेली, तेवढ्यात डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. कोर्ट म्हणालं, सज्ञान बाई आहे, जिवावर बेतलेलं नव्हतं, तिला शुद्धीवर येऊ द्यायचं आणि तिलाच विचारायचं, आईची संमती चालणार नाही. आईचीसुद्धा! मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला हे सारखं समजावून सांगावं लागलं. मला घरी बाळंत व्हायचं नव्हतं. पाण्याच्या टबात वगैरे व्हायचं नव्हतं. मला हॉस्पिटलच हवं होतं, पण विनाकारण केलेली ढवळाढवळ नको होती. कळा आपणहून येत असतील तर त्या येऊ द्याव्यात, मला चालू-फिरू द्यावं, भूक लागली तर खाऊ द्यावं, सोबत माझं माणूस असू द्यावं, बाळ बाहेर येताना वाट मोठी करायला देतात तो कट रीत म्हणून देऊ नये, गरज असेल तर द्यावा. हे मी काही जगावेगळं मागत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी काढल्या त्यात हे सगळं आहे. पिशवीचं तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब लावून बाईला घाई करू नका, पाच सेंटिमीटरच्या आधी तर नाहीच, एनिमा आणि शेव्हिंग सरसकट नको, नाळ निदान एक मिनिट तरी कापू नका. वाचताना मला वाटत राहिलं की हे तर आपल्याकडच्या कुठल्याही शहाण्या बाईने सांगितलं असतं.

आणि भीतीही होतीच, नाही कशाला म्हणू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे मी तेव्हा वाचले, २०१९ ते २१ मधले. देशात सरकारी दवाखान्यात शंभरातल्या साधारण १४ बायकांचं सिझर होतं आणि खासगीत ४७ जणींचं. खासगीत काही अवघड केसेस मुद्दाम येत असतील हे मला कळतं, पण एवढ्या? आणि दुसरीकडे हेही खरं की सिझर वेळेवर न झाल्याने गेलेल्या बायका आपल्या प्रत्येकीच्या घराण्यात आहेत. नोंदणीच्या कार्डावर दोन पॅकेजेस छापलेली होती, नॉर्मलचं आणि सिझरचं, शेजारी शेजारी, हॉलच्या बुकिंगला लॉनसहित आणि लॉनशिवाय असतं तशी. ते कार्ड पर्समध्ये असायचं आणि दर वेळी हाताला लागलं की पोटात गोळा यायचा.

मग मी एका पानावर माझं म्हणणं लिहून काढलं. मराठीत. ऑफिसच्या प्रिंटरवर प्रिंट काढली, कुणी बघू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर.

त्याच आठवड्यात आई आली साताऱ्याहून. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, पण मीच म्हटलं होतं तू इकडे ये, मधे खंबाटकी घाट नको. स्वारगेटला उतरली तेव्हा हातात दोन पिशव्या, एकीत डिंक, अळीव, खारीक, आणि दुसरीत माझ्या बाबांची जुनी धोतरं फाडून, धुऊन, उन्हात वाळवून केलेल्या दुपट्यांचा गठ्ठा. रात्री जेवणं झाल्यावर तो कागद टेबलावर होता, तिने चष्मा लावून वाचायला घेतला. आई वाचताना ओठ हलवते. पहिल्या ओळी वाचल्या, मान डोलावली, आणि मग एका ओळीवर थांबली. 'एनिमा आणि शेव्हिंग नको.' बोट त्या ओळीवर ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"हे नको म्हणता येतं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी १९९१ चा जन्म. तालुक्याच्या दवाखान्यातला, हे मला माहीत होतं, रात्री पावणेतीनला झाले हेही माहीत होतं, पाऊस होता हेसुद्धा. पण त्या खोलीत काय झालं ते आईने कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. बाळंतपणाच्या गोष्टी आपल्याकडे बाळ बाहेर आल्यावर सुरू होतात, तोंड कुणासारखं आणि वजन किती. त्या रात्री तिने सांगितलं. लोखंडी टेबल होतं, त्यावर हिरवं रेक्झिन, आणि ते इतकं गार होतं की कळेपेक्षा त्या गारव्याने अंग कापत होतं. दाराशी आजीला थांबवलं. आयाबाईने काही न बोलता लुगडं वर केलं आणि ब्लेड फिरवलं. एनिमा दिला आणि व्हरांड्याच्या टोकाला संडास होता तिथपर्यंत एकटीला पाठवलं, कळा चालू असताना, भिंत धरत. ती ओरडली तेव्हा एक बाई तिला म्हणाली, "आता कशाला ओरडतीस, तेव्हा..." आई तिथेच थांबली. पुढचं वाक्य तिने तेहतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ते वाक्य आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी ऐकलेलं आहे. मग तिने चष्मा पुसला, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, लिहिलंयस ते बरं केलंस.

गावी आजीलाही फोन लावला दुसऱ्या दिवशी. आजी सत्त्याऐंशी वर्षांची, आठ बाळंतपणं, पाच मुलं जगली, सगळी घरातच, सुईणीच्या हातची. माझ्या मनात कुठेतरी असं होतं की आजीच्या वेळचं सगळं आपोआप, निवांत, निसर्गाच्या कलाने होत असणार. तिने आधी तसंच सांगितलं. आतली काळोखी खोली, आढ्याला बांधलेला कासरा, तो धरून उकिडवं बसायचं, मागून सुईण कमरेला गुडघा देऊन बसायची, चुलीवर पाणी, तिळाचं तेल. "कमरंला हात लावायला कुणीतरी पायजेल बघ, बाकी मग देव." आणि मग त्याच आवाजात, काही फरक न पडता, तिने सांगितलं की दोन पोरं सातव्या-आठव्या दिवशी आखडून गेली, दूध ओढता येईना, जबडा मिटला. सटवाईनं नेली म्हणायचे. धनुर्वात होता तो, नाळ कापायच्या विळ्याचा. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ संपल्याचं जाहीर झालं २०१५ मध्ये, म्हणजे माझं शिक्षण होऊन मी नोकरीला लागल्यावर. आणि मग तिच्या धाकट्या जावेचं. बाळ झालं, वार पडली, पण रगात काही थांबंना. बैलगाडी जुंपेपर्यंत गेली. आजीला अजून त्या जावेच्या हिरव्या बांगड्या आठवतात.

मी फोन ठेवला आणि माझ्या कागदावर पेनाने एक ओळ वाढवली. 'बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवण्याचं इंजेक्शन जरूर द्यावं.' माझ्या त्या पानावरची ही एकच ओळ हाताने लिहिलेली आहे.

ते हॉस्पिटल बदललं. पस्तिसाव्या आठवड्यात बदलायचं म्हणजे सगळ्यांचा विरोध, सासूबाई तर दोन दिवस नीट बोलल्या नाहीत, त्यांच्या काळजीतून आलेलं ते, मला कळत होतं. नवीन ठिकाण लहान होतं, वीसेक बेडचं, आणि डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. मी कागद दिला तेव्हा माझा हात थरथरत होता, वाटलं आता म्हणतील, इंटरनेटवर वाचून आलात का. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ वाचली. चालणं-फिरणं, होईल. खाणं, होईल, हलकं. सोबत एक माणूस, कुणीही, तुम्ही ठरवा. बाळाच्या ठोक्यांसाठी पोटाला सारखा पट्टा नको, मधूनमधून ऐका असं मी लिहिलं होतं, तिथे त्या थांबल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, सगळं नीट चालू असेल तर सारखा पट्टा लागत नाही. पण मधूनमधून ऐकायचं म्हणजे दर पंधरा मिनिटांनी-अर्ध्या तासाने एका सिस्टरने येऊन उभं राहायला लागतं, आणि शेवटी शेवटी दर पाच मिनिटांनी. रात्री माझ्याकडे एक सिस्टर असते आणि कधी तीन पेशंट. मी प्रयत्न करेन, वचन देत नाही." आणि पुढे म्हणाल्या, नॉर्मलची वाट बघताना काही बिघडलं तर लोक विचारतात सिझर का नाही केलं, सिझर केल्यावर का केलं असं दवाखान्याची काच फोडून कुणी विचारत नाही. हे त्या चिडून नाही, दमलेल्या आवाजात म्हणाल्या. मला तोवर वाटत होतं की ही लढाई बायका आणि डॉक्टर यांच्यातली आहे. त्यांच्या टेबलावर डबा तसाच होता, दुपारचे चार वाजले होते.

२०१८ मध्ये सरकारने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं आणली, नर्सेसना दीड वर्ष शिकवून साध्या सरळ बाळंतपणांची पूर्ण जबाबदारी द्यायची अशी. रात्री एकीच्या उशाशी एक अशी बाई असती तर मॅडमना आणि मला ती पेन्सिल एवढा वेळ त्या ओळीवर धरायला लागली नसती. मला मनापासून वाटतं हे व्हायला पाहिजे, लवकर, आणि सगळीकडे.

चाळीस आठवडे आणि चार दिवस. रात्री अकराला पाणी गेलं. पाणी म्हणजे कसं कळणार असं मी आईला दहा वेळा विचारलं होतं, आणि ती म्हणायची, कळतं. कळलं. पाणी स्वच्छ होतं, ठोके छान होते, कळा मात्र नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, शंभरातल्या साठ जणींना चोवीस तासांत आपणहून सुरू होतात, थांबून बघू, ताप आणि ठोके बघत राहू. थांबलो. सकाळी इडली खाल्ली, दुपारी ताक आणि खजूर. कॉरिडॉरमध्ये मी आणि नवरा फेऱ्या मारत होतो, टोकाला खिडकी आणि तिच्यातून दिसणारा गुलमोहर, त्याला नुसत्या वाळक्या शेंगा, वारा आला की खुळखुळ्यासारख्या वाजायच्या. अँटिबायोटिक सुरू झालं. संध्याकाळी सहाला मॅडम आल्या, खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या, उभ्या राहिल्या नाहीत. तीन सेंटिमीटर, कळा तुरळक, आता कळा आणायची ड्रिप लावावी असं त्यांचं मत. ड्रिप लागली की पट्टाही सारखा लागणार, म्हणजे फिरणं जवळजवळ बंद. अजून चार तास थांबायचं तर तेही चालेल पण इन्फेक्शनची शक्यता वाढत जाते. मी रडले. इतके आठवडे ज्या एका गोष्टीला नको म्हणून बसले होते तीच. पाच मिनिटं द्या म्हणाले, त्यांनी दिली, आणि मी लावा म्हणाले. सिस्टरने कागद आणला. माझ्याकडे. नेमकी त्याच वेळी चांगली सणसणीत कळ आली आणि माझी सही ओळ सोडून खाली उतरली, शेवटचा फराटा पार पानाच्या कडेपर्यंत गेला.

ड्रिपच्या कळांबद्दल मी काय लिहू. त्या चढत नाहीत, एकदम उभ्या राहतात. पलंगाच्या कडेला उभं राहायची परवानगी होती, पट्ट्याची वायर पुरेल तेवढी. सोबतीला मी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं पण बारानंतर मला आई हवी झाली, का ते माहीत नाही, तोही लगेच बाहेर गेला, त्याला वाईट वाटलं असेल, नंतर विचारलं तर नाही म्हणाला. आई मागे उभी राहून तळहाताने माझी कंबर दाबत होती. तासन्‌तास. मधे एकदा सिस्टर तपासायला आली, ग्लोव्ह घातलेला हात वर धरून, आणि मला कळ चालू होती. माझी आई, जी डॉक्टरांसमोर आजवर 'हो हो' याशिवाय एक शब्द बोललेली नाही, जी बीपीची गोळी कशाची आहे हेसुद्धा विचारत नाही, ती म्हणाली, "जरा थांबा. तिची कळ जाऊ द्या." सिस्टर थांबली. कळ गेली. मग सिस्टरने वाकून विचारलं, "ताई, हात लावू का?"

दोनच्या सुमाराला जोर करताना बाळाचे ठोके घसरले, मशीनचा आवाज सावकाश झाला आणि वर आला नाही. मॅडम माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "आता लवकर बाहेर यायला पाहिजे. कट देते. देऊ?" मी द्या म्हणाले. एका शब्दाचं संभाषण. त्या कटाचं मला आजही काही वाटत नाही, बसताना तीन आठवडे जीव गेला तरी. मुलगी लगेच रडली म्हणून नाळ कापायची थांबवता आली, सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि मी त्या नाळेकडे, निळी, पिळलेली, आधी टपटप हलणारी आणि मग हळूहळू पांढरी पडत गेलेली. मांडीत सुई टोचली, ते इंजेक्शन. मला आजीच्या जावेच्या बांगड्या आठवल्या, ज्या मी कधी बघितल्या नाहीत.

आणि जे अजून दुखतं ते वेगळंच आहे. मुलगी माझ्या छातीवर होती, ओली, गरम, एक तास तिथेच ठेवा असं कागदावर लिहिलं होतं आणि मॅडमनी पेन्सिलने बरोबरची खूणही केली होती. मॅडम हात धुवायला गेल्या. वीस मिनिटांनी दुसरं कुणीतरी आलं, वजन करायचंय म्हणालं, तेही मला नाही, हवेत, आणि तिला उचलून घेऊन गेलं. काही झालं नाही, मुलगी ठणठणीत होती, दहा-पंधरा मिनिटांत परत आणली, आता दुपट्यात गुंडाळलेली. ड्रिप, पट्टे, कट, सगळं झालं त्या रात्री, आणि मला रात्री अपरात्री जाग येते ती त्या उचललेल्या हातांनी. छातीवर एकदम गार लागलं होतं. मी नको का म्हणाले नाही? आईसुद्धा तेव्हा काही बोलली नाही, ती बाळाकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. नवरा गाडी आणायला गेला, आम्ही तिघी बिलाच्या काउंटरसमोरच्या बाकावर. इन्शुरन्सच्या कागदांसाठी काउंटरवरचा मुलगा फाईल चाळत होता, नोंदणीच्या दिवशीचा फॉर्म, त्यावरची माझी सही बँकेतल्यासारखी, सरळ, खाली रेघ. आणि ड्रिपच्या संमतीचा कागद. त्याने दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली, मला हे बघायची सवय आहे, सही जुळत नसली की माणूस कसा बघतो ते.

"ही दुसरी सही कुणाची आहे? नातेवाईकाची का?"

मी उठायला गेले पण टाके ओढले. आईने मुलीला एका हातावर घेतलं, काउंटरपाशी गेली, चष्मा लावला आणि पानाच्या कडेपर्यंत गेलेल्या त्या फराट्यावर बोट ठेवलं.

"तिचीच आहे," आई म्हणाली. "मी होते तिथं."